पांढऱ्याचा खण

रंग ढवळायला आमच्याकडे रवी होती. बांबूची काडीएवढी कामटी घ्यायची, एका टोकाला ब्लेडनं चार चिरा द्यायच्या, चिरांत दोऱ्याची गाठ अडकवून त्या फाकवायच्या, आणि ती बाटलीत सोडून दोन्ही तळव्यांमध्ये फिरवायची. आधी वरचं पाणी गढूळ व्हायचं, मग त्यात जाड रेघा फिरताना दिसायच्या, आणि शेवटी सगळी बाटली एका रंगाची व्हायची. ताक करताना आई लोणी वर यायची वाट बघायची, तशी मी तळाशी बसलेला पिवळा वर यायची वाट बघायचे. पिवळा सगळ्यात जड. चार दिवस बाटली हलवली नाही तर तो तळाशी घट्ट बसायचा आणि वर नुसतं पिवळसर पाणी राहायचं. ते पाणी कागदावर लावून 'रंग फिका झाला' म्हणणाऱ्या मुलांना आमचे ड्रॉइंगचे सर बाटली हातात देऊन परत पाठवायचे.

हे देगलूरचं, १९७८-७९ च्या आसपासचं. मी एलिमेंटरीची तयारी करत होते. मुंबईच्या कला संचालनालयाची ती परीक्षा गावोगावच्या शाळांमधून होई. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असत. गावात वह्यापुस्तकांच्या दुकानात बारा वड्यांची पत्र्याची पेटी मिळायची. पोस्टर कलरच्या काचेच्या बाटल्या मात्र नांदेडहून यायच्या, नाही तर हैदराबादहून. नांदेड सुमारे ८० किलोमीटर, एसटीनं. हैदराबाद त्याहून कितीतरी लांब, पण देगलूरच्या व्यापाऱ्यांचा पाय तिकडे जास्त वळायचा. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ साली मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आला, तरी बाजाराच्या वाटा एवढ्यात बदलत नाहीत. कुणी त्या बाजूला निघालं की त्याच्या खिशात आमची चिठ्ठी जायची: पांढरा एक, पिवळा एक. चिठ्ठीत पांढरा नेहमी पहिला. कुठलाही रंग उजळ करायचा तर त्यात पांढरा घालावा लागतो, म्हणून बाकीचे अर्धे असतानाच तो संपायचा. माझ्या पत्र्याच्या पेटीतसुद्धा पांढऱ्याचा खण वर्षातले आठ महिने रिकामा असे.

बाटली संपली की पुढची कधी येईल ते सांगता येत नव्हतं. म्हणून आहे त्यालाच जिवंत ठेवायचं. आज या गोष्टीला कुणी टंचाई म्हणेल. टंचाई होतीच, ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही; एका मैत्रिणीनं पिवळ्यावाचून संकल्पचित्र अर्धं सोडलेलं मी पाहिलं आहे. पण त्या टंचाईपोटी रंग आत कशाचा बनतो हे आम्हाला बोटांनी कळलं, आणि ते कळणं मला आयुष्यभर पुरलं.

वड्यांचं एक दुखणं होतं. मार्च-एप्रिलमध्ये देगलूरचं ऊन सुरू झालं की त्यांना भेगा पडत, तुकडे खणातून सुटत आणि ओला ब्रश फिरवला तर अख्खा तुकडाच ब्रशला चिकटून येई. पहिल्या वर्षी मला वाटलं, पेटी गेली. सरांनी ते तुकडे कागदावर काढायला लावले. घरातला औषधाचा खल आणायला सांगितला. चुरा करायचा, डिंकाचं पाणी थेंबाथेंबानं घालायचं, ग्लिसरीनचा एक थेंब टाकायचा, घोटायचं, आणि तो लगदा सोडा-लेमनच्या बाटलीच्या बुचात भरून सावलीत ठेवायचा. उन्हात ठेवला तर पुन्हा भेगा. दोन दिवसांत बुचात नवी वडी तयार. ग्लिसरीन थंडीत ओठांना लावायला घरात असायचंच; ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून वडी कडक होत नाही. ग्लिसरीन नसेल तर मध. मधाचा तोटा मला एका सकाळी कळला. रात्री वाळत ठेवलेल्या चित्रावर मुंग्यांची रांग लागली होती आणि त्यांनी जास्वंदीच्या फुलाची एक पाकळी कोरून नेली होती.

डिंकाचं पाणी करायची रीतही ठरलेली होती. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग. डिंक फडक्यात बांधून पेल्यात रात्रभर लोंबकळत ठेवायचा, सकाळी साल-काडीकचरा फडक्यात राहतो आणि खाली मधासारखं पाणी उतरतं. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर चित्र चकाकतं आणि कागद वाकवला की रंग तडकतो. दोन्ही चुका प्रत्येकाला एकदा कराव्या लागत. हे पाणी चार दिवसांत आंबतं, त्याला वास येतो, म्हणून लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकायचा. शाळेत वह्या बांधायला खळ शिजवत, तीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. पण मोरचूद विष, आणि आम्ही ब्रशचं टोक ओठांनी जुळवणारी मुलं, म्हणून रंगात लवंगच. अजूनही दात दुखल्यावर कुणी लवंगेचं तेल काढलं की मला दाढ आठवत नाही, हिरवा रंग आठवतो.

एकदा घरातला डिंक संपला म्हणून मी किराणा दुकानातून आणला. दिसायला तसाच, थोडा पांढुरका. रात्री भिजत घातला, सकाळी बघते तर पेलाभर गरगरीत फुगलेला. पाणी नव्हतंच, नुसती थलथलीत गोळी. मला वाटलं, ढवळलं की होईल. पोस्टरच्या उरलेल्या निळ्यात तो घातला, रवी फिरवली, आणि निळ्याचे दाणेदार तुकडे झाले. तो रंग गेला. तो कतिरा निघाला, उन्हाळ्यात सरबतात घालतात तो. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. कतिरा पाणी पिऊन फुगतो, पण विरघळत नाही. दुकानदाराची चूक नव्हती, मी फक्त 'डिंक द्या' म्हणाले होते. महिनाभर माझ्या चित्रांतलं आकाश पुडीतल्या निळीचं होतं.

आणि नीळ काही कमी नव्हती. कपड्यांना घालायची ती पूड म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून काढत आणि तो सोन्याच्या मोलानं विकला जाई. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनू लागला, म्हणून तर धोब्याच्या हातात आला. सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा मी घरी जाऊन निळीची पुडी पुन्हा उघडून बघितली होती. डिंकात घोटली की ती बाटलीतल्या निळ्याला मागे टाकायची. तांबडा आम्हाला काव द्यायची, दिवाळीला भिंतीच्या खालच्या पट्ट्याला लावतात ती. काळ्यासाठी कंदिलाच्या काचेतली काजळी. पण काजळी पाण्यात टाकली की तरंगते, कितीही ढवळा, पाणी तिला शिवत नाही. तिला आधी दवाखान्यातल्या स्पिरिटचे दोन थेंब पाजायचे, मग डिंक. मग ती मुकाट्यानं मिसळते.

पांढरा मात्र घरात कुठेच नव्हता. रांगोळी घोटून पाहिली, चुना लावून पाहिला. रांगोळी कागदावर दाणेदार बसते आणि चुना शेजारचे रंग खातो. शेवटी बसस्टँडजवळच्या पेंटरकाकांकडून झिंकची पुडी मिळाली. काका दुकानांच्या पाट्या लिहीत. मराठी, तेलुगू आणि उर्दू, तिन्ही लिप्या त्यांच्या हातात होत्या. आमच्या गावाला ते लागायचंच. त्यांच्याकडे झिंक, रामरज, सरस, लाखदाणा अशा पुड्या खिळ्यांना टांगलेल्या असत. झिंक काचेवर पसरून, सपाट बुडाच्या बाटलीनं गोल गोल घोटायचा, वरवंटा फिरवावा तसा. अर्धा तास. हात भरून यायचा. पण त्या पांढऱ्याची साय इतकी मऊ असायची की मी तो जपून, दातकोरणीनं घ्यायचे.

सरांचं एक सांगणं मी विसरले नाही. रंग दोन जातींचे, म्हणायचे, एक गुळाचा आणि एक दह्याचा. गूळ वाळून दगड झाला तरी पाण्यात टाकला की पुन्हा पाणी होतो. दही काही केल्या परत दूध होत नाही. डिंकाचे रंग गुळाचे. त्यातलं पाणी फक्त उडून गेलेलं असतं, ते परत दिलं की रंग उठतो. तेलाचे रंग दह्याचे. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन ते दुसरंच काही होऊन बसतं. त्याला तारपीन पाजा, रॉकेल पाजा, ते परत येत नाही. म्हणून वाळलेला रंग हातात आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: तू गूळ की दही?

याच न्यायानं शाईही गुळाची. मुंबईच्या दांडेकरांनी १९३१ साली धंदा सुरू केला तो शाईच्या पुडीनं आणि वड्यांनी. त्यातूनच पुढे कॅम्लिन झालं आणि उंटाची खूण असलेली रंगपेटी आमच्या हातात आली. वडिलांच्या लहानपणी वडी दौतीत टाकून शाई करत. दौत वाळली की पाणी, आणि पुन्हा शाई. त्यांना त्यात नवल वाटत नव्हतं.

दह्याच्या रंगाची काळजी घरातले पुरुष घेत, कारण तो पोळ्याचा रंग होता. आमचे दोन बैल. खांदेमळणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगं काचेच्या तुकड्यानं खरवडून घ्यायची, हिंगूळ लावायचा, आणि हिंगूळ महाग पडू लागला तसा ऑइल पेंट. वरून बेगडाचे पट्टे. पाव लिटरचा लाल डबा चार शिंगांना जास्तच होई. उरलेला भाद्रपदात गणपतीच्या चौरंगाला लागे, मग पुढच्या श्रावण अमावास्येपर्यंत तो जपायचा. वर्षभरानं डबा उघडला की वर जाड साय. ती ढवळायची नाही. चाकूनं कडेनं गोल कापून, आख्खी उचलून टाकायची, आणि खालचा रंग आईच्या जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळायचा. घट्ट वाटला तर थोडं तारपीन. रॉकेल स्वस्त, पण त्यानं रंगाची झळाळी जाते आणि तो दोन-दोन दिवस चिकट राहतो. बैल कुठेही शिंगं घासणार, त्याला काय सांगायचं?

साय येऊच नये म्हणून वडील डबा झाकण ठोकून उलटा ठेवत. साय धरलीच तर ती बुडाशी धरते, आणि डबा सुलटा केला की वरचा रंग ताजा. डबा निम्म्यावर आला की त्यातली हवा वाढते, म्हणून उरलेला रंग काचेच्या बरणीत ओतून आम्ही त्यात गोट्या टाकायचो, रंग गळ्यापर्यंत वर येईतो. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट ऐकलेल्या पोरांना हे सांगावं लागत नव्हतं.

हलवण्यासाठी दादानं सायकल कामाला लावली होती. सायकल स्टँडवर लावायची, बाटली मागच्या चाकाच्या आऱ्यांत सुतळीनं बांधायची आणि पायडल हातानं फिरवायचं. फार जोरात फिरवलं तर रंग बाटलीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन चिकटतो आणि मिसळत नाही. हळू फिरवायचं, प्रत्येक फेऱ्यात बाटली वरून खाली पडल्यासारखी व्हायला हवी. आत तो सायकलचे दोन छर्रे टाकायचा. मला ते फार आवडलं आणि मी माझ्या झिंकच्या पांढऱ्यातही छर्रे टाकून ठेवले. पावसाळ्यात बाटली उघडली तर पांढऱ्यात तांबूस ढग. पाण्याच्या रंगात लोखंड गंजणारच. तेलाच्या रंगात ते चालतं. तेव्हापासून माझ्या बाटल्यांत आईच्या तुटलेल्या माळेचे काचेचे मणी.

आता होट्टलच्या बाटलीबद्दल. होट्टल आमच्यापासून जवळ, तिथं चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर. सर आम्हाला वर्षातून एकदा तिथं रेखाटनाला नेत. देगलूरकर हे आडनाव मूर्तिशास्त्रात ज्यांनी मोठं केलं त्या डॉ. गो. बं. देगलूरकरांचं नाव मी पहिल्यांदा तिथंच, एका सुरसुंदरीसमोर उभी असताना ऐकलं. दगडाचा रंग काही केल्या जमत नव्हता. काळ्यात पांढरा घालून जो करडा होतो तो सिमेंटचा दिसतो, दगडाचा नाही. तेव्हा सरांनी पिशवीतून एक बाटली काढली. वर्षभर वर्गातल्या सगळ्या मुलांच्या ताटल्या धुताना ते ताटलीत उरलेला, वाळलेला, मिसळून गेलेला रंग खरवडून तीत टाकत आले होते. कुणाचा हिरवा, कुणाची काव, कुणाची फसलेली जांभळी संध्याकाळ. त्यात थोडं डिंकाचं पाणी. बाटली हलवून त्यांनी माझ्या कागदावर एक फटकारा मारला आणि मी समोरच्या दगडाकडे बघितलं. तोच होता. ऊन पडलेल्या बाजूला जरा पांढरा, सावलीला जरा नीळ, बस्स. त्या बाटलीला वर्गात 'होट्टल' असंच नाव होतं. 'होट्टल दे' म्हटलं की ती पुढे यायची.

गुळाच्या रंगांत मी जे शिकले ते सीमेपलीकडे निर्मळचे कारागीर पिढ्यान् पिढ्या करत आले होते, हे मला फार पुढे समजलं. हलक्या पोनिकी लाकडाची खेळणी, त्यावर लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांचं लिंपण, आणि मग रंग. चिंचोके आम्ही खेळायला वापरायचो, आणि सोलापूर-नांदेडच्या मागांवर सुताला खळ द्यायला. रंग धरून ठेवणारी वस्तू नेहमी अंगणातलीच असते. बाभूळ, चिंच, जवस, लाख.

आज देगलूरमध्ये भावाच्या घरी मोबाइलवर नोंदवलेले रंग चार दिवसांत दाराशी येतात. माझी भाची मातीचे छोटे बैल करते आणि ॲक्रिलिकनं रंगवते. पोळ्याच्या आधी महिनाभर तिच्या टेबलावर बोटभर उंचीच्या जोड्या वाळत असतात. तिच्या बाटल्यांना थेंब थेंब टाकणारी तोंडं आहेत, काहींच्या आत मिसळण्यासाठी गोळी आधीच घातलेली. पिवळा लखलखीत, आणि वर्षानुवर्षं न उडणारा. मला तिचा हेवा वाटतो, आणि एका गोष्टीनं फार बरं वाटतं. आमच्या त्या जड, झळाळत्या पिवळ्या-केशरी ऑइल पेंटांत शिसं असायचं. हिंगूळ तर पाऱ्याचा. ब्रशचं टोक आम्ही ओठांत धरत होतो आणि कुणालाच ते ठाऊक नव्हतं. घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. आमच्या लहानपणी ते असतं तर, असं मला नेहमी वाटतं.

गेल्या श्रावणात मी गेले तेव्हा ती एका बाटलीशी झटत होती. तपकिरी रंग, झाकण नीट न लागल्यानं आतून रबरासारखा झालेला. तिनं गरम पाणी घालून पाहिलं होतं, तासभर.

"काय करायलीस?" मी विचारलं.

"आत्या, उठेचना गं हा."

मी बाटली उजेडात धरली. ॲक्रिलिक दह्याचं. पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण पाणी उडालं की एकमेकांना धरतात आणि मग सोडत नाहीत. घट्ट झालेलं पातळ होतं, पण वाळलेलं परत येत नाही. तिला मी गूळ आणि दही सांगितलं. तिनं लगेच बाकीच्या बाटल्या उलट्या करून एकेक झाकण तपासलं, आणि ज्या घट्ट होत होत्या त्यांत थोडं पाणी आणि त्याच रंगाचं पातळ माध्यम घालून, कॉफी घुसळायचं बॅटरीवरचं छोटं यंत्र आत सोडलं. टोकाला तारेचं वेटोळं, बटण दाबलं की गरगर फिरणारं. मी बघत राहिले. कामटीला चिरा दिलेली माझी रवी, फक्त तळव्यांच्या जागी बॅटरी.

संध्याकाळी माळ्यावरची माझी पेटी तिनं स्वतःच शोधून काढली. पत्रा गंजलेला, बारातल्या चार वड्या बुचांत भरलेल्या, माझ्याच हातच्या. चाळीस वर्षांहून जास्त झाली होती. तिनं प्रत्येक खणात पाण्याचा एकेक थेंब टाकला आणि आम्ही चहा घेतला. चहा संपेतो निळी वर आली होती. मग काव. काजळीला वेळ लागला. तपकिरी, हिरवा, दोन्ही पिवळे, सगळे हळूहळू मऊ पडले. ब्रश फिरवला तशी कागदावर रेघ उमटली. तिनं वाकून वास घेतला आणि विचारलं, "याला लवंगेचा वास कसा काय?"

पांढऱ्याचा खण अर्थातच रिकामा होता. ती आपली पांढरी बाटली उघडून त्यात ओतणार होती. मी तिचा हात धरला. हा वाळला की या पेटीत कायमचा बसेल, म्हटलं, तो खण मग कुणालाच वापरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. झिंक मिळालं. डिंकाच्या दुकानात मी या वेळी 'बाभळीचा' असं दोनदा सांगितलं, आणि घरी आल्यावर सगळा भिजत घालायच्या आधी त्यातला एक खडा पाण्याच्या पेल्यात टाकून बघत बसलो, विरघळतो का फुगतो.